न्यायाधीशबाईंना दिलेली बादली

एकाच दिवशी तीन व्याख्यानं ठेवली तिथंच आपलं चुकलं, असं ऐल्सा लोरीमर अजूनही सांगते. ते काही खरं नाही. व्याख्यानं उत्तम झाली. सकाळी वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, जेवणाआधी बेघरांचा कायदा, जेवणानंतर न्यायाधीशांची नीतिमत्ता. जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; कडाक्याचा शनिवार, हीटर अर्धाच चालू, आणि तरी पोर्ट किन्नेर्डच्या लॉ स्कूलमध्ये एकशे चाळीस माणसं संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्यातली निम्मी सूपसाठी आली होती असं धरलं, तरी उरलेली सत्तर कायद्यासाठी आली हे थोडं नव्हे.

ऐल्सा तिथं शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या मदतीनं गरिबांसाठी कायद्याचं फुकट सल्ला केंद्र चालवते. पंधरा वर्षं झाली. दरवर्षी हिवाळ्यात ती ही व्याख्यानं भरवते आणि दरवर्षी 'पुढच्या वर्षी नाही बाई' असं म्हणते.

सकाळचं व्याख्यान 'हार्बर मेल'च्या संपादकाचं, फर्गस लीसचं. फर्गस आणि ऐल्सा एका शाळेत होते, त्यामुळे त्याला मानधन न देता बोलावता येतं. चाळीस मिनिटांत त्यानं तीन सरकारं, दोन मंत्री आणि स्वतःच्या मालकाला झोडपलं. बातमी छापू नका असा फोन आला की संपादकाला कळतं, हातात खरोखरच बातमी आहे, असं तो म्हणाला तेव्हा मुलं हसली. ऐल्साही हसली.

बेघरांच्या कायद्यावर ऐल्सा स्वतः बोलली आणि शेवटची दहा मिनिटं तिनं हेमी स्केल्टनला दिली. हेमीकाका तिचा अशील. वय सदुसष्ट, त्यातली एकतीस वर्षं कत्तलखान्याच्या गोठवणघरात गेलेली. भाड्याचं घर मालकानं विकलं, त्याच वर्षी बायको लॉरेनला स्मृतिभ्रंशामुळे 'टुई लॉज' या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. सरकारी घराच्या यादीत नाव घालून वीस महिने झाले होते आणि तेवढेच महिने तो समुद्रकाठच्या व्हेलर्स पॉइंटवर जुन्या व्हॅनमध्ये राहत होता. पॉइंटवरून टुई लॉज चालत पाच मिनिटांवर. रोज दुपारी बाराला हेमी तिथं जाई आणि लॉरेनला जेवण भरवी. ती त्याला ओळखत नव्हती, पण त्याच्याच हातून खायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायची.

पॉइंट नगरपालिकेचा. तिथं रात्री गाडीत झोपायला बंदी, आणि व्हॅन हटवण्याचा हुकूम मिळावा म्हणून नगरपालिका कोर्टात गेली होती. पर्यायी जागा म्हणून त्यांनी गाडीत राहणाऱ्यांसाठीचा जो तळ दाखवला, तो बावीस किलोमीटर लांब. हेमीच्या व्हॅनला रोजचं येणंजाणं झेपणारं नव्हतं आणि तिथून बस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी.

स्वतःच्या खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं ऐल्सानं त्याला तीनदा बजावलं होतं. त्यानं काढला नाही. "लोक मला विचारतात, रात्री थंडी वाजत नाही का," तो म्हणाला. "वाजते. पुढचा प्रश्न?" सात मिनिटांत आटोपून तो खाली बसला.

बसला तो मात्र श्रोत्यांत नाही. लॉ स्कूलमध्ये पाहुण्यांचं स्वागत तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या रीतीनं होतं आणि त्यासाठी यजमानांच्या रांगेत एक वडीलधारा पुरुष लागतो. नेहमीचे आजोबा तापानं पडले होते. तेव्हा ग्रंथालयातल्या नायरीमावशींनी, ज्यांच्या शब्दापुढे डीनसुद्धा जात नाहीत, हेमीला त्या खुर्चीवर नेऊन बसवलं. ज्या टेकडीवर लॉ स्कूल उभं आहे ती एके काळी त्याच्या आजीच्या माणसांची. खुर्ची त्याला शोभली. कोर्टाच्या कागदांवर ज्याचा पत्ता 'नाही' असा लिहिलेला, तो माणूस, दुपारी लॉरेनला भरवून यायचा तास सोडला तर, दिवसभर दारात उभा राहून लोकांना या, बसा म्हणत होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

शेवटचं व्याख्यान न्यायाधीश रोवीना केर्न्स यांचं. बाई बारीक, केस पांढरे, बोलणं सुईसारखं. न्यायाधीशानं नुसतं निःपक्षपाती असून भागत नाही, तसं दिसावंही लागतं, एवढंच त्या तासभर वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत होत्या. शेजारणीनं दिलेली मुरंब्याची बरणी आपण परत केली आणि त्यापायी सहा वर्षं कुंपणावरचं बोलणं बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सभागृह खो खो हसलं.

टाळ्या झाल्या, नायरीमावशींनी गाणं उचललं, सगळे उभे राहून गायले. मग डीननी बाईंना एक कार्ड दिलं. कामावर असलेल्या न्यायाधीशाला भेट द्यायची नाही, असा लॉ स्कूलचा नियमच आहे, म्हणून नुसतं कार्ड. हेमीनं ते कार्ड पाहिलं. मग दुसरं काही येतंय का, म्हणून थोडा वेळ दाराकडे पाहिलं. काही आलं नाही. घरी येऊन दोन शब्द सांगून गेलेली पाहुणी रिकाम्या हातानं परत चालली होती आणि यजमानाच्या खुर्चीवर तो बसला होता.

तो उठून बाहेर गेला आणि गाडीतळावर उभ्या केलेल्या व्हॅनमधून बादली घेऊन आला. पांढरी प्लॅस्टिकची, झाकण दोरीनं बांधलेली, आत वीस तीती. तीती म्हणजे दक्षिणेच्या बेटांवरच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं, मिठात मुरवलेली. ती धरायचा हक्क ठरावीक घराण्यांचा, आणि हेमीचं घराणं त्यातलं. दर एप्रिलला तो पुतण्याच्या होडीतून बेटावर जातो. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, शिवाय लॉरेनच्या जेवणाआधी परतायचं होतं, म्हणून दोनच बादल्या भरल्या होत्या. एक टुई लॉजच्या स्वयंपाकघरात गेली. ही दुसरी.

त्यानं ती रीतीप्रमाणे न्यायाधीशबाईंच्या पायांपुढे जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. मुरंब्याची बरणी सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. बाईंनी बादलीकडे पाहिलं, हेमीकडे पाहिलं, नायरीमावशींकडे पाहिलं. मावशींचा चेहरा दगडाचा. मग बाई वाकल्या आणि बादली उचलली. "कोर्टाच्या भेटवहीत नोंद करीन," त्या म्हणाल्या. "वजनासकट." सगळे हसले आणि फर्गसनं फोनवर फोटो काढला.

तो माणूस कोण हे बाईंना माहीत नव्हतं. दिवसभर तो सगळ्यांचा हेमीकाका होता, आणि कोर्टाच्या फाइलमध्ये तो जेम्स एडवर्ड स्केल्टन; हेमी हे जेम्सचंच माओरी रूप. ती फाइलही त्यांच्याकडे नव्हती. खटला न्यायाधीश मॅक्सवेल यांच्यापुढे लागला होता. बाईंना बोलावण्याआधी ऐल्सानं हे तीनदा तपासलं होतं, आणि तिच्या बाजूनं बोलायचं तर एवढं पुरेसं आहे.

सोमवारी सकाळी नवी यादी आली. मॅक्सवेल यांचा फौजदारी खटला लांबला होता, म्हणून त्यांची गुरुवारची कामं केर्न्सबाईंकडे वळवली होती. त्यात नगरपालिका विरुद्ध स्केल्टन.

पहिल्यांदा ऐल्साला आनंदच झाला. ज्याला जायला जागाच नाही त्याला 'जा' म्हणणं हा हुकूम नव्हे, नुसती चीड आहे, असं केर्न्सबाईंनी मागे एका निकालात लिहिलं होतं. ते वाक्य ती दरवर्षी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेते. मॅक्सवेल यांच्याकडे अशी प्रकरणं अर्ध्या तासात निघायची, आणि निकाल कुठल्या बाजूनं हे शिपाईसुद्धा सांगायचा. तिनं चहा ओतला, बिस्किटाचा पुडा फोडला आणि मग तिला बादली आठवली.

रीतसर करायचं काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोर्टाच्या निबंधकाला फोन करायचा आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं. करणारही होती. पण त्याआधी तिनं फर्गसला फोन केला. का केला, हे तिला आजतागायत नीट सांगता येत नाही. फोटो आधी छापून आला तर प्रकरण आपल्या हातात राहणार नाही अशी भीती वाटली, एवढंच ती म्हणते.

तो शनिवारचा फोटो छापणार आहेस का, असं तिनं विचारलं. नवव्या पानावर, बिस्किटाएवढा, फर्गस म्हणाला. नायरीमावशींना आवडेल म्हणून.

"गुरुवारपर्यंत थांबशील?"

"का?"

"काही नाही रे. सहज."

"ऐल्सा," फर्गस म्हणाला, "शनिवारी मी चाळीस मिनिटं बोललो. तू पहिल्या रांगेत होतीस. झोपली होतीस का?"

वकिलीत पंधरा वर्षं काढलेल्या बाईनं वार्ताहराला 'काही नाही' असं सांगावं, याला काय म्हणावं? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो निदान दुसऱ्यानं उचललेला तरी असावा. फर्गसनं कोर्टाची यादी काढली, जेम्स एडवर्ड कोण हे त्याला दहा मिनिटांत कळलं, आणि मंगळवारी फोटो नवव्या पानावरून पहिल्या पानावर आला. वाकून बादली उचलणाऱ्या न्यायाधीशबाई आणि समोर हात मागे बांधून उभा असलेला हेमी. खाली दोघांची नावं, गुरुवारची तारीख, नगरपालिकेचा अर्ज. निबंधकाला करायचा फोन राहूनच गेला होता. ऐल्सानं बातमी चार वेळा वाचली. खोटा म्हणून एक शब्द सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुपारी कोर्टाकडून दोन्ही बाजूंच्या वकिलांना पत्र आलं. न्यायाधीशबाईंनी लपवाछपवी काही केली नव्हती. देणारा पक्षकार आहे हे वर्तमानपत्रातून समजलं, बादली उघडलेली नाही, ती मागच्या पडवीत आहे, नोंद शनिवारीच केली आहे. आपण खटला चालवावा की नाही यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं कळवावं.

संध्याकाळी नगरपालिकेच्या वकील सिमोन वॉल यांचा फोन आला. सिमोन वाईट बाई नाही. जे काम हातात येतं ते ती करते आणि घरी जाऊन बागेत राबते. तिनं सांगितलं की महापौर बातमीनं हादरलेत. म्हाताऱ्याला हाकलायला नगरपालिकेनं न्यायाधीशही बदलून घेतला, असं उद्या फर्गसनं छापलं तर निवडणुकीत तोंड दाखवायला जागा उरायची नाही. म्हणून नगरपालिकेची हरकत नाही. खटला केर्न्सबाईंनीच चालवावा. अट एकच, सुनावणीआधी बादली देणाऱ्याकडे परत जावी आणि 'परत मिळाली' अशी त्याची सही फाइलला लागावी.

ऐल्साचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच खिदळली. तिच्या मूर्खपणाची भरपाई म्हणजे एक सही.

बुधवारी दुपारी कोर्टाच्या शिपायानं बादली लॉ स्कूलमध्ये आणून दिली, दोरीची गाठसुद्धा तशीच. बादली गाडीत घालून ऐल्सा पॉइंटवर गेली. हेमी नुकताच टुई लॉजहून आला होता आणि व्हॅनच्या मागच्या दारात बसून बूट पुसत होता. लॉरेननं आज भोपळ्याचं सूप सगळं संपवलं, असं त्यानं सांगितलं. ऐल्सानं सगळी हकिगत सांगितली. फोनचंही सांगितलं, आपण माती खाल्ली हे कबूल केलं. तो रागावला नाही. फर्गसचा बापही असाच होता, एवढंच म्हणाला.

मग तिनं कागद काढला. त्यावर एकच ओळ होती. हेमीनं ती वाचली, कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि तिच्याकडे परत दिला.

"नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा समजावलं. सही केली तर उद्या केर्न्सबाई, आणि केर्न्सबाई म्हणजे जवळजवळ जिंकल्यात जमा. नाही केली तर सोमवारी मॅक्सवेल, आणि मॅक्सवेल म्हणजे बावीस किलोमीटर.

"कळलं मला," हेमी म्हणाला. "कत्तलखान्यात होतो, बहिरा नाही झालो."

"काका, नुसती सही आहे. बादली नंतर मी गुपचूप त्यांच्या दारात ठेवून येईन."

"तू कायदा शिकवतेस ना मुलांना?"

तिचा चेहरा उतरला. तो बूट पुसायला लागला, पण एकाच जागेवर फडकं फिरवत राहिला.

मग तिनं करू नये ते केलं. लॉरेनचं नाव काढलं. आठवड्यातून दोनदा बस आहे, ती म्हणाली, उरलेले पाच दिवस काकूंना कोण भरवणार? हेमीनं फडकं खाली ठेवलं. तो समुद्राकडे बघायला लागला. त्याच्या जबड्याची हालचाल तिला दिसत होती आणि आपण हे बोललो याची तिला शरम वाटत होती. पण शब्द मागे घ्यावेत असंही वाटत नव्हतं, कारण प्रश्न खरा होता.

"काल रात्रभर तेवढाच विचार केला मी," तो म्हणाला. "फर्गसचा पेपर वाचला तेव्हाच वाटलं, आता ही बादली परत येणार."

"मग?"

"वीस महिने मी घेतोय, पोरी. चर्चचं ब्लँकेट घेतलं. शाळेतल्या पोरांनी केलेलं सूप घेतलं. तुझी वकिली घेतली, एक सेंट न देता. नाही म्हटलं नाही कशाला, कारण थंडी वाजते आणि भूक लागते. पण शनिवारी नायरीनं मला त्या खुर्चीवर बसवलं. एक दिवस मी देणारा होतो. तेही परत घेऊ?"

कायद्याच्या बाजूनं उत्तरं होती आणि ती सगळी बरोबर होती. शेवटी ती म्हणाली की पाहुणचार लॉ स्कूलचा होता, त्याचा नव्हता, त्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती.

"लॉ स्कूलनं कार्ड दिलं," हेमी म्हणाला. मग तिला चहा दिला. बादली गाडीतून उतरवू दिली नाही.

परत जाताना ऐल्साला त्याचा इतका राग आला होता की तिनं वाटेत गाडी थांबवली आणि दोन मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. अशिलाचं म्हणणं हे वकिलाचं म्हणणं, असं ती पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला शिकवते. शिकवायला फार सोपं आहे ते.

गुरुवारी कोर्ट भरलं होतं. मागच्या बाकांवर विद्यार्थी, कडेला फर्गस वही घेऊन, आणि पहिल्या बाकावर नायरीमावशी आपल्या ठेवणीतल्या कोटात. बादली शिपायाच्या टेबलाखाली होती. ती कुणाच्या ताब्यात आहे हे शिपायाला सांगता आलं नसतं, म्हणून तो तिच्याकडे बघणं टाळत होता.

सिमोननं नगरपालिकेची भूमिका सांगितली. मग ऐल्सा उभी राहिली. माझे अशील भेट परत घ्यायला तयार नाहीत, एवढं एकच वाक्य तिला बोलायचं होतं आणि ते ती बोलली.

केर्न्सबाईंनी चष्मा काढला. याचा परिणाम काय होईल हे त्यांना नीट समजावलंय का, असं त्यांनी विचारलं. दोनदा, ऐल्सा म्हणाली. मग मला त्यांच्याकडून ऐकायचंय, बाई म्हणाल्या.

हेमी उभा राहिला. त्यानं जाकीट घातलं होतं आणि ते खांद्यांत त्याला घट्ट होत होतं.

"मिस्टर स्केल्टन, ती बादली तुम्ही मला का दिलीत?"

"तुम्ही पाहुण्या होतात, बाई."

"मी तुमचा खटला ऐकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. माहीत असतं तरी पाहुण्याच होतात. पण मग मी त्या खुर्चीवर बसलो नसतो."

"आज ती परत घेतलीत तर मला हा खटला चालवता येईल."

"माहीत आहे," हेमी म्हणाला. "पण ती दिलीय."

केर्न्सबाईंनी समोरचे कागद सारखे केले. त्यांच्यापुढे दुसरीही वाट होती, ते खोलीतल्या प्रत्येक वकिलाला कळत होतं. बादली तिथंच सोडायची, मी ती घेतलीच नाही असं नोंदवायचं आणि काम पुढे चालवायचं. सिमोननं कदाचित हरकतही घेतली नसती. ऐल्सा मनातल्या मनात देवाला विनवत होती, आणि ती देव मानत नाही.

"नोंद घ्या," बाई लेखनिकाला म्हणाल्या. "मिस्टर स्केल्टन यांनी शनिवारी मला भेट दिली. ती मी घेतली आहे. घेतली असल्यामुळे हा खटला मला चालवता येणार नाही. तो न्यायाधीश मॅक्सवेल यांच्याकडे जाईल."

त्या उठल्या, तसे सगळे उठले. दाराशी जाऊन त्या वळल्या. "किती वेळ उकडायची ती पिल्लं?"

"दीड तास," हेमी म्हणाला. "पाणी तीनदा बदला. आणि वास फार सुटतो, खिडक्या बंद ठेवा, नाहीतर शेजारीण पुन्हा सहा वर्षं बोलायची नाही."

लेखनिकानं तेही टिपून घेतलं. ते आजही कोर्टाच्या दप्तरात आहे. नायरीमावशी उठून उभ्या राहिल्या आणि शनिवारचंच गाणं त्यांनी हळू आवाजात सुरू केलं. कोर्टात गायला बंदी आहे, पण ते सांगायला कुणी पुढे आलं नाही.

सोमवारी मॅक्सवेल यांनी प्रकरण ऐकलं. ऐल्सानं आयुष्यातला सगळ्यात चांगला युक्तिवाद केला असं सिमोनही म्हणते. केर्न्सबाईंचा निकाल तिनं वाचून दाखवला, यादीतले वीस महिने दाखवले, टुई लॉजच्या परिचारिकेचं पत्र दाखवलं. मॅक्सवेल यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. पस्तीस मिनिटं लागली. व्हॅन हटवायला चौदा दिवस मिळाले.

विद्यार्थ्यांनी वर्गणी काढायची म्हटली, हेमीनं नको म्हटलं. तेराव्या दिवशी पुतण्याचा ट्रॅक्टर आला आणि व्हॅन ओढत तळावर घेऊन गेला. अपील दाखल आहे. घराच्या यादीतलं नाव चार जागा वर सरकलं आहे. फर्गसनं दर आठवड्याला त्याबद्दल लिहायचं ठरवलं आणि तो लिहितो. ऐल्साला तो आता मानधन मागतो, ती देत नाही.

हेमी सोमवारी आणि गुरुवारी बसनं येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी ऐल्सा त्याला गाडीनं आणते. नको म्हणत होता, पण घेणंही त्याला जमतं. शनिवार-रविवार पुतण्याला जमलं तर जमलं. बुधवारी कुणालाच जमत नाही, कारण ऐल्साचे सकाळपासून दुपारपर्यंत तास असतात आणि पुतण्या समुद्रावर असतो.

एका बुधवारी तिनं मधला तास रद्द केला. बावीस किलोमीटर जाऊन त्याला घेऊन यायला तेवढा वेळ पुरला नसता, म्हणून ती एकटीच टुई लॉजला गेली. परिचारिकेनं तिच्या हातात वाटी दिली. भोपळ्याचंच सूप होतं. ऐल्सानं लॉरेनला आपलं नाव सांगितलं, हेमीचं नाव सांगितलं, चमचा ओठांशी नेला. लॉरेननं तोंड मिटून घेतलं. रागानं नाही. ती फक्त ऐल्साच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती, आणि जेवणाची वेळ झाली आहे हे तिला माहीत होतं. ऐल्सा पाऊण तास बसली. सूप गार झालं तेव्हा परिचारिका आली, वाटी घेऊन गेली आणि तक्त्यावर बुधवारच्या रकान्यात फुली मारली. त्या रकान्यात वरपर्यंत फुल्याच होत्या. ऐल्सानं त्या मोजल्या. सहा.

मग ती उठून लॉ स्कूलला परत गेली, कारण दोन वाजता पहिल्या वर्षाचा वर्ग होता.